जग चालवणाऱ्यांकडे तक्रार नोंदवली आहे

हे जग खरे नाही. आपण ज्याला घर, बायको, पेन्शन आणि गुडघेदुखी म्हणतो ते सगळे कुणीतरी एका अफाट यंत्रावर मांडलेले चित्र आहे आणि आपण त्यातल्या हलत्या बाहुल्या आहोत, या सत्याचा साक्षात्कार मला मंगळवारी सकाळी पावणेअकरा वाजता झाला. त्या वेळी मी चौथ्या मजल्याच्या पायरीवर धापा टाकत बसलो होतो आणि माझ्या मांडीवर फाटलेल्या पिशवीतले अर्धा किलो कांदे होते. उरलेला अर्धा किलो पहिल्या मजल्यापर्यंत पोचला होता.

कल्पना माझी नव्हे, जावईबापूंची. ते कॉम्प्युटरमध्ये आहेत. म्हणजे नेमके काय करतात हे मला अकरा वर्षांत कळलेले नाही आणि आता विचारणे बरे दिसत नाही. दर रविवारी ते मुलीला घेऊन जेवायला येतात आणि हात धुता धुता मला विसाव्या शतकातून बाहेर काढायचा प्रयत्न करतात. त्या रविवारी पाच मजले चढून आल्यामुळे त्यांचा विषय जरा खोल गेला.

“बाबा, हे सगळं सिम्युलेशन आहे,” ते म्हणाले. “आपल्यापेक्षा फार पुढे गेलेल्या कुणीतरी आपलं जग एका कॉम्प्युटरवर चालवलंय.”

“चालवणारा कोण?”

“ते आपल्याला कळणं शक्यच नाही.”

“असतो कुठे?”

“आपल्या जगाच्या बाहेर.”

“त्याला आपण दिसतो?”

“सगळं दिसत असणार. बारीकसारीक गोष्टीचीही नोंद असते.”

“मग दुखणी, भांडणं, लिफ्ट बंद पडणं, हे कशासाठी?”

“काहीतरी हेतू असेल. आपल्या बुद्धीच्या पलीकडचा.”

“आणि मेल्यावर?”

“फाईल पुसतातच असं नाही,” जावईबापू आश्वासक सुरात म्हणाले.

माझी आई हेच सगळे, याच क्रमाने सांगायची. फक्त त्यासाठी तिला इंजिनिअर व्हावे लागले नव्हते. मी तसे बोललो तर जावईबापू दुखावले. “बाबा, ती श्रद्धा होती. हे गणित आहे.” त्यांचा देवावर विश्वास नाही. कुणी देवाचे नाव काढले की ते खोलीबाहेर जाऊन फोन बघतात.

आता लिफ्टबद्दल सांगायला हवे, कारण पुढचा सगळा धर्म तिच्यातूनच निघाला.

मी आमच्या इमारतीचा सेक्रेटरी आहे. ज्या सभेत माझी निवड झाली त्या सभेला मी हजर नव्हतो, हीच माझी पात्रता. निवडीनंतर दोन महिन्यांत लिफ्ट बंद पडली. मी कंपनीला फोन केला. तक्रार नोंदवली की पाच मिनिटांत ‘आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे’ असा संदेश यायचा. चौथ्यांदा असे झाल्यावर मी फोनवरच्या मुलीला विचारले, निवारण कुणाचे झाले?

“सर, सिस्टिममध्ये तुमची लिफ्ट चालू दिसतेय.”

“मी आत्ता तिच्यासमोर उभा आहे. बंद आहे.”

“तुम्ही उभे असाल, सर. पण सिस्टिममध्ये चालू आहे.”

यातले कोणते जग खरे हा प्रश्न मोठमोठ्या विचारवंतांना सुटलेला नाही म्हणतात. त्या मुलीने तो जेवणाच्या सुट्टीआधी सोडवला होता. मग मूळ कराराची प्रत लागेल असे निघाले. प्रत आधीच्या सेक्रेटरींकडे. त्यांनी सांगितले, सोसायटीच्या कपाटात. कपाटाची किल्ली त्यांच्याही आधीच्या सेक्रेटरींकडे, आणि ते परदेशी. कुलूप फोडले. आत एक किल्ली होती. दुसऱ्या कपाटाची. ते कपाट रंगकामाच्या वेळी भंगारात गेले होते.

हे सगळे मी हसत हसत सोसले असते, कारण जन्मभर वर्तमानपत्रांत विनोदी लिहून माझी कातडी बऱ्यापैकी निबर झाली आहे. पण घरात प्रश्न होता. आमच्या हिचे दोन्ही गुडघे गेलेले. तळमजल्यावर हिची मैत्रीण राहते. मोठ्या इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या, म्हणून अख्खी इमारत त्यांना मेट्रनबाईच म्हणते. त्यांची छाती अधू, दहा पायऱ्यांत दम लागतो. गेली बावीस वर्षे या दोघी रोज दुपारी साडेतीन ते पाच एकत्र बसत आल्या. एवढा वेळ काय बोलतात हे मी एकदा विचारले होते. “तुमच्याबद्दल नाही,” एवढेच उत्तर मिळाले, आणि ते मला फारसे आवडले नाही.

लिफ्ट बंद झाल्यापासून एक पाचव्या मजल्याच्या गॅलरीत आणि एक खाली अंगणात, अशी त्यांची बैठक चाले. आरडाओरडा करून मनातले बोलता येत नाही. त्यातच मेट्रनबाईंच्या मुलाने त्यांना कायमचे आपल्या शहरात न्यायचे ठरवले. पुढच्याच्या पुढच्या रविवारी गाडी येणार होती.

“अहो,” ही मला म्हणाली, “तिच्या जाण्याआधी लिफ्ट सुरू झाली पाहिजे. मला तिच्याशी नीट बसून बोलायचंय. एवढं एक काम करा. जन्मभर दुसरं काही सांगणार नाही.”

शेवटच्या वाक्यावर माझा विश्वास नव्हता. पण आधीच्यावर होता.

तर त्या मंगळवारी, कांद्यांसह पायरीवर बसलेलो असताना, दोन-दोन मिनिटांनी कुणीतरी मला ओलांडून जात होते आणि जाताना विचारत होते, “काय सेक्रेटरीसाहेब, लिफ्टचं काय?” अकराव्या माणसाने विचारल्यावर मी उठलो, घरी गेलो आणि एक सूचना टाइप केली:

‘सर्व सभासदांस कळवण्यात येते की, प्रस्तुत जग खरे नसून ती एक संगणकीय व्यवस्था असल्याचे निदर्शनास आले आहे. लिफ्ट बंद असणे हा सदर व्यवस्थेतील दोष आहे. याबाबत जग चालवणाऱ्यांकडे तक्रार नोंदवण्यात आली आहे. सभासदांनी सेक्रेटरीस जिन्यात अडवू नये.’

खाली सही केली. जावक क्रमांक घातला. सवयीने शिक्काही मारला. शिक्का मारायला नको होता. विनोदावर शिक्का मारला की त्याचा ठराव होतो.

पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरचे गणिताचे निवृत्त सर दार वाजवून आत आले. सर म्हणजे आयुष्यभर मुलांना ‘सिद्ध कर’ म्हणून छळलेला माणूस.

“सूचना वाचली,” ते हळू आवाजात म्हणाले. “मला चाळीस वर्षं हीच शंका होती. तक्रार कशी नोंदवली?”

मला म्हणायला हवे होते, सर, थट्टा केली. पण एवढा विद्वान माणूस माझ्यासमोर खुर्चीच्या अगदी कडेवर बसून मला काही विचारतो आहे, हे दृश्य माझ्या वाट्याला पूर्वी आले नव्हते.

“लेखी,” मी म्हणालो.

गुरुवारी सरांनी एक चिठ्ठी लिहिली, ‘मुलीची बदली व्हावी,’ आणि जिथे दोष तिथूनच पलीकडे पोचता येईल, या हिशोबाने ती लिफ्टच्या मिटलेल्या दाराच्या फटीतून आत सोडली. त्याच दुपारी लिफ्ट आपण होऊन तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर आली, तिने दार उघडले, आतला दिवा लावला, मिनिटभर थांबली, दार मिटले आणि पुन्हा मेली. संध्याकाळी मुलीच्या बदलीचा हुकूम निघाला.

ही बातमी एका दमात पाच मजले चढली. लिफ्ट बंद असूनही.

शुक्रवारी सकाळी प्रत्येक मजल्यावर लिफ्टसमोर रांग होती. कुणाला नोकरी हवी होती, कुणाला वजन नको होते, एका बाईंना समोरच्या बाईंचे कुत्रे नको होते. समोरच्या बाईही त्याच रांगेत होत्या, हातात कुत्रे आणि दुसरी चिठ्ठी. मग पद्धत पडत गेली. चिठ्ठी सोडण्याआधी लिफ्टचे बटण तीनदा दाबायचे, हे सरांनी घालून दिले, कारण त्यांनी त्या दिवशी तीनदा दाबले होते. चिठ्ठी निळ्या शाईत. बुधवारी एक तास सर्वांनी मोबाइल बंद ठेवायचे, म्हणजे जग चालवणाऱ्या यंत्रावरचा भार हलका होतो. त्या तासात लोकांना घरातली माणसे दिसू लागली आणि इमारतीत नेहमीपेक्षा चार भांडणे जास्त झाली. सरांच्या मते हा हलकेपणाचाच परिणाम होता.

माझे काय झाले म्हणता? मी जिन्यात दिसलो की लोक भिंतीला चिकटून वाट देऊ लागले. लिफ्टचे काय, असे कुणी विचारीना. उलट माझ्या हातातली पिशवी कुणीतरी घेऊन वर पोचवू लागले. चाळीस वर्षे मी लोकांच्या भाबडेपणावर लिहीत आलो. भाबडेपणाला इतकी चांगली रीतभात असते हे मला तेव्हा कुणी सांगितले नव्हते. खरे सांगून टाकायचे मी रोज ठरवत होतो आणि रोज म्हणत होतो, उद्या.

“आज किती भक्त?” ही विचारी.

“भक्त नव्हेत गं. अभ्यासक.”

“अभ्यासकांना सांगा, नऊ दिवस राहिलेत.”

शनिवारी फूट पडली. तिसऱ्या मजल्यावर एक वकील राहतात. जिन्यात शिंक आली तरी ती कोणत्या कलमाखाली आली हे ते सांगू शकतात. त्यांनी मूळ सूचना भिंग घेऊन वाचली आणि जाहीर केले की ‘तक्रार नोंदवण्यात आली आहे’ हे एकवचन आहे. सबब बटण एकदाच दाबले पाहिजे. तीनदा दाबणे म्हणजे जग चालवणाऱ्यांवर अविश्वास दाखवणे. सोमवारपर्यंत तीनवाल्यांचे आणि एकवाल्यांचे बोलणे बंद झाले. एकवाल्यांच्या मुलाला तीनवाल्यांच्या मुलीने वाढदिवसाला बोलावले नाही. मी मध्यस्थी करायला गेलो तर वकीलसाहेब अदबीने म्हणाले, “काका, तुम्ही फक्त लिहिलंत. अर्थ लावायचं काम आमच्यावर सोडा.”

मधल्या रविवारी जावईबापू आले. जिन्यात त्यांनी माणसांना फटीत कागद सारताना पाहिले आणि वर येईपर्यंत त्यांचा चेहरा लाल झाला होता.

“बाबा, हे काय चाललंय? ही तर शुद्ध अंधश्रद्धा झाली!”

मला इतके बरे वाटले की काय सांगू. म्हटले, आता हा शहाणा माणूस खाली जाईल, चार शब्द सुनावेल आणि मी सुटेन. ते तरातरा खाली गेले. मी मागोमाग गेलो. जावईबापू जिन्यात उभे राहिले आणि गर्दीला म्हणाले, “तुम्ही सगळे चुकताय! चालवणाऱ्यांना कागद कसा वाचता येईल? त्यांच्याशी संपर्क साधायचा तर व्यवस्थेत विसंगती निर्माण करावी लागेल. उदाहरणार्थ, सगळ्यांनी एकाच वेळी उलटं चालायचं.”

सोमवारपासून सकाळी सात वाजता नऊ माणसे अंगणात उलटी चालू लागली. जावईबापू दिवसाआड येऊ लागले. मुलगी मला फोनवर म्हणाली, “बाबा, ह्यांना तुम्ही काय करून ठेवलंत?” या प्रश्नातली कर्ता-कर्माची उलथापालथ मी मुकाट्याने गिळली.

शुक्रवारी सकाळी चमत्कार झाला. खरा. लिफ्टचा मेकॅनिक आला. करार न पाहता, तक्रारीशिवाय, खांद्याला पिशवी अडकवून. कंपनीने म्हणे आमच्या इमारतीच्या ऐवजी शेजारच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त केली होती आणि सिस्टिममध्ये तीच आमची म्हणून चालू दिसत होती. शेजाऱ्यांची लिफ्ट बंद नव्हतीच. ती दुरुस्तीनंतर बंद पडली, तेव्हा घोटाळा कळला.

मी त्याला कवटाळायचेच काय ते बाकी ठेवले. तो गच्चीवरच्या यंत्रखोलीत गेला, लिफ्टला हुकूम देणारे जुने इलेक्ट्रॉनिक कार्ड काढून नवे बसवले. त्या गुरुवारी लिफ्ट आपोआप कशी चालली, मी विचारले.

“कार्ड जळायला आलं की मधूनच चालतं,” तो म्हणाला. “तेच तर ते गेल्याचं लक्षण.”

मग खाली येऊन त्याने दाराजवळ बोट घातले आणि कपाळाला आठ्या पाडल्या. “साहेब, लिफ्ट ठणठणीत आहे. पण दार मिटत नाही. दार मिटल्याशिवाय ती हलणार नाही. प्रत्येक मजल्यावर दाराच्या खाचेत कागद ठासून भरलाय. कुणी केला हा वेडेपणा? साफ करून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.”

एव्हाना जिना माणसांनी भरला होता. सर पुढे झाले. “ते कागद काढता येणार नाहीत. अजून वाचले गेलेले नाहीत.”

“आणि प्रलंबित अर्ज नष्ट करणं हा गुन्हा आहे,” वकीलसाहेब म्हणाले. आठवडाभरात प्रथमच तीनवाले आणि एकवाले एका बाजूला होते. उलटे चालणारेही येऊन मिळाले.

“पण ते कागद काढले तर लिफ्ट चालेल!” मी ओरडलो.

“लिफ्ट चालावी हीच तर त्यातल्या बहुतेक चिठ्ठ्यांत मागणी आहे,” सर शांतपणे म्हणाले. “ती पूर्ण होईल. घाई करू नका.”

तेव्हा मी खरे बोललो. जन्मात पहिल्यांदाच विनोद न करता बोललो असेन. म्हणालो, ती सूचना थट्टा होती, मला काहीही दिसलेले नाही, कुणाकडेही तक्रार नोंदवलेली नाही, माझ्या मांडीवर कांदे होते आणि मला राग आला होता. परवा मेट्रनबाई जाणार आहेत. दोन म्हाताऱ्या बायकांना एकदा समोरासमोर बसायचे आहे. एवढे करू द्या.

माझ्या डोळ्यांत पाणी आले होते. सरांच्याही आले.

“किती नम्रपणा!” ते म्हणाले.

वकीलसाहेबांनी मात्र घसा खाकरला. “शिक्का मारलेली सूचना तोंडी मागे घेता येत नाही. सर्वसाधारण सभा बोलवावी लागेल. सात दिवसांची पूर्वसूचना.” जावईबापू कठड्यापाशी होते. मी त्यांच्याकडे आशेने पाहिले. ते म्हणाले, “बाबा, तुम्ही थट्टेत लिहिलंत हे खरं. पण तुम्हाला ते सुचवलं कुणी, याचा विचार करा.” मी म्हटले, तुम्हीच सुचवलंत. त्यावर ते गूढ हसले.

मतदान झाले. कागद जागच्या जागी ठेवायचे ठरले. मेकॅनिकने ‘काम पूर्ण’ या कागदावर माझी सही घेतली आणि तो गेला. पाच मिनिटांत फोन वाजला. निवारण समाधानकारक झाले होते.

दुपारी सगळे झोपल्यावर मी हिची विणकामाची सुई घेऊन तळमजल्याच्या दाराशी उकिडवा बसलो. म्हटले, निदान एका मजल्याची खाच मोकळी करू. कागद आत घट्ट दाबले गेले होते. अर्ध्या तासात एकच चिठ्ठी निघाली. वाचू नये हे मला कळत होते. अक्षर स्वच्छ, सुटे सुटे, इस्पितळाच्या तक्त्यावर असते तसे. ‘मला मुलाकडे जायचं नाही. पण हे त्याला कळू नये.’

मी ती घडी करून खिशात ठेवली. पुन्हा फटीत सारावी की नाही हे ठरवता येईना. माझा विश्वास नव्हता. पण ती चिठ्ठी मी फेकलीही नाही, हे इथे कबूल करतो.

वर आलो तर ही दाराशी चपला घालून उभी. “मी तीन मजले उतरते,” म्हणाली. “ती दोन चढेल. उद्या साडेतीनला. तुम्ही दोन खुर्च्या नेऊन ठेवा.”

शनिवारी तीन मजले उतरायला हिला चाळीस मिनिटे लागली, एका हाताने कठडा आणि दुसऱ्याने माझा खांदा धरून. खालून मेट्रनबाई चार पायऱ्या चढत, थांबत, स्वतःचीच नाडी बघत, पुन्हा चढत. दुसऱ्या मजल्याच्या चौकात, सरांच्या दारासमोर, दोघी खुर्च्यांवर बसल्या आणि पहिली दहा मिनिटे काहीच बोलल्या नाहीत, कारण कुणालाच श्वास नव्हता. चिठ्ठ्या घेऊन आलेली माणसे दोन खुर्च्यांना वळसा घालून जायला अडखळत होती. एकाने, तुम्ही रांग अडवताय, असे म्हटले. मेट्रनबाईंनी त्याच्याकडे नुसते पाहिले. तो शाळकरी पोरासारखा मोजे वर ओढून मागे फिरला.

मी कठड्याला टेकून उभा होतो. खिशातली चिठ्ठी बोटांना लागत होती. गेल्या बारा दिवसांत मी एक धर्म काढला होता, त्यात तीन पंथ पाहिले होते, आणि मला स्वतःला साधे विचारायला एकही माणूस उरला नव्हता.

“मेट्रनबाई,” मी म्हणालो, “तुम्हाला काय वाटतं? खरंच कुणी चालवत असेल हे सगळं? बटण दाबलं तर कुणापर्यंत पोचत असेल?”

ही माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी भर बैठकीत जांभई दिली होती. मेट्रनबाईंनी मात्र प्रश्न नीट ऐकून घेतला.

“भाऊजी, तीस वर्षं वॉर्डात काढली मी. प्रत्येक खाटेशी एक बटण असायचं. पेशंट दाबायचा. कुणीतरी येईल, एवढं त्याला वाटलं पाहिजे, नाहीतर तो रात्र काढू शकत नाही. आता येणारं कोण, तर बहुतेक वेळा मीच. कधी दमलेली, कधी चिडलेली. पण यायचे.”

मी भारावलो. म्हटले, हेच ते. मी याच्यावर काही बोलणार होतो, माणसाच्या एकाकीपणाबद्दल, विश्वाच्या मौनाबद्दल, मनात चांगली दोन-तीन वाक्ये जुळलीही होती. मी घसा साफ केला.

“बरं झालं तुम्ही आहात ते,” मेट्रनबाई वर बघत म्हणाल्या. “हा जिन्यातला दिवा मघापासून लुकलुकतोय, हिचा चेहरा धड दिसत नाहीये मला. तेवढा बदलून द्या ना. आणि आधी बटण बंद करा, हं, शॉक बसेल. मी आता नोकरीत नाही.”